माळेचं दुसरं टोक

आमच्या धंद्यात कॉम्प्युटरवर दोन फोल्डर असतात, एक अभिनंदनाचं आणि एक श्रद्धांजलीचं. वाढदिवस, निवड, नियुक्ती, सत्कार पहिल्यात. तेरवी आणि पुण्यस्मरण दुसऱ्यात. या फोल्डरातला चेहरा त्या फोल्डरात जाऊ द्यायचा नाही, एवढं तरी पेंटरच्या पोराला कळायला हवं. माझे अब्बा मुबीन पेंटर हातानं बोर्ड रंगवायचे, तेव्हा दोन्ही कामांचे ब्रशसुद्धा वेगळ्या डब्यांत ठेवायचे. मी अठरा वर्षं नियम पाळला आणि एकदाच मोडला. त्याला दोन क्लिक लागले.

माझं दुकान मुलचेऱ्यात बसस्टँडसमोर आहे, ‘रईस आर्ट्स’. छपाईचं मशीन माझ्याकडे नाही. डिझाइन मी करतो, पेनड्राइव्ह संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतो, फ्लेक्स गडचिरोलीत छापला जातो आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळी होऊन त्याच गाडीनं परत येतो. झालेल्या गोष्टीत माझा दोष किती, हे सांगताना मी आधी हेच सांगायचो, की मशीन माझं नव्हतं. माझी बायको शाजिया आशा वर्कर आहे, तिला फालतू बोलायला वेळ नसतो. ती म्हणाली, बहाण्याला मशीन लागत नाही.

शेफालीकाकी माझ्याकडे आली ती २०२४च्या जुलैअखेर. आमच्यापासून सात किलोमीटरवरच्या बंगाली गावात तिचं घर आहे आणि शुक्रवारच्या बाजारात ती भाजी घेऊन बसते. दहा वर्षांची असताना ती आईबापांबरोबर सीमेपलीकडून आली. सरकारनं या जंगलात जमीन दिली आणि त्या जमिनीवरच ती म्हातारी झाली. थोरला भाऊ तिकडेच राहिला, खुलन्याकडच्या एका गावात, काकाजवळ. छप्पन वर्षांत दोघं एकदाही भेटले नाहीत. पण सहा वर्षांपूर्वी भावाच्या नातीनं, झूमानं, आजोबाला व्हिडिओ कॉल करायला शिकवलं आणि तेव्हापासून भावाबहिणीचं रोज दिवेलागणीला बोलणं सुरू झालं. त्या वेळी काकीला बाजारातून उठायची इतकी घाई असायची, की भावात दोन रुपये सोडून द्यायची. आम्ही तिला चिडवायचो, काकी, तुह्या दादाच्यानं आमाले भाजी सस्ती भेटते.

त्या जुलैत तिकडे नोकऱ्यांच्या आरक्षणावरून पोरं रस्त्यावर उतरली, गोळ्या चालल्या, नेट बंद झालं. काकीचा फोन पाच दिवस लागला नाही. लागला तेव्हा झूमा नव्हती. ढाक्याच्या कॉलेजात शिकत होती, मोर्च्यात गेली, एकवीस वर्षांची होती. काकीला तिकडे जाणं तर शक्यच नव्हतं. म्हणून काकीला तिचा एक फोटो फ्रेम करून घरात लावायचा होता.

फोटो छान होता. कुणाच्या तरी लग्नाचा मांडव आणि झूमा हात वर करून झेंडूची माळ बांधते आहे. माळेचं दुसरं टोक धरून पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा उभा, तो काकीचा भाऊ. दोघंही हसत होते. काकी माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

“दादाले काढजो बेटा. तो जिता हाय. जित्या माणसाले मेलेल्याच्या फोटोत ठेवत नाई.”

मी दादाला काढलं. तो गेल्यावर माळ हवेतच लोंबायला लागली, म्हणून माळही पुसली. उरली हात वर केलेली, मूठ वळलेली, हसरी पोरगी. फ्रेमसाठी फक्त चेहरा घेतला, भोवती फुलं लावली. पण मूठवाली पूर्ण फाइल श्रद्धांजलीच्या फोल्डरात राहिली. मूळ फोटो मी ठेवला नाही, त्याच्यावरच सेव्ह केलं होतं. काकी फ्रेम पदरात गुंडाळून घेऊन गेली. पैसे मी घेतले नाहीत, आणि स्वतःला भला माणूस समजून त्या दिवशी नीट जेवलो.

ऑगस्टमध्ये तिकडचं सरकार पडलं. बंगाली गावांत कोणी फटाके फोडले नाहीत. ज्यांचं कोणी तिकडे आहे ते सगळे फोनला चिकटून होते, आता आपल्या माणसांचं काय होईल या काळजीत. आनंद झाला तो एकट्या बापूभाऊंना.

बापूभाऊ म्हणजे बापूराव, पंचायत समितीचे माजी सभापती. त्याच वर्षी जानेवारीत ते धानाच्या जाती पाहायला पंधरा शेतकऱ्यांबरोबर त्या देशात जाऊन आले होते. तिथल्या एका कॉलेजात चहापान झालं आणि भाऊंनी दहा मिनिटं हिंदीतून लोकशाहीवर भाषण ठोकलं. ऐकणाऱ्यांत निम्मे भाऊंच्याच दौऱ्यातले होते, हे त्यातल्याच एकानं मला सांगितलं आहे. जानेवारीत भाषण झालं, ऑगस्टमध्ये सरकार पडलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. भाऊंचं म्हणणं असं, की उजाडलं तेच मुळी आपल्या आरवण्यानं. त्यात विधानसभेची हवा सुरू झाली होती, आणि बंगाली गावांतली मतं काही थोडीथोडकी नाहीत.

मला हसायचा अधिकार नाही. श्रेय वाटायचं दुकान माझंच आहे. वीस वर्षं रखडलेल्या पुलाचं श्रेय मी एकाच आठवड्यात तिघांना दिलेलं आहे. एका साली पाऊस बरा झाला, त्याबद्दलही एकाचं अभिनंदन छापलं. फ्लेक्सवरचं खरं कोण मानतं, असं आम्ही म्हणतो आणि पुढचं काम घेतो.

भाऊंनी मजकूर लिहूनच आणला होता. ‘शेजारी राष्ट्रात लोकशाहीची पहाट! ज्यांच्या प्रेरणेने तेथील तरुणाई पेटून उठली, त्या मा. बापूरावजींचे हार्दिक अभिनंदन!’ वर हात जोडलेले भाऊ, खाली शुभेच्छुकांची रांग. गडचिरोलीत दुसऱ्या दिवशी त्यांचा सत्कार होता आणि फ्लेक्स स्टेजच्या मागे लागणार होता, एकच. भाऊ म्हणाले, समोर घोषणा देणारी एखादी पोरगी टाक, चेहरा बोलका पाहिजे.

त्या दिवशी नेट बंद होतं. एरवी दहा मिनिटांत कुठलीतरी पोरगी नेटवरून उचलली असती. पाच वाजून गेले, साडेपाचला गाडी. मी मशीनमध्ये शोधायला लागलो आणि ती मूठ माझ्या डोळ्यांसमोर आली. त्याच देशातली, त्याच मोर्च्यातली, चेहरा बोलका. मनाशी म्हटलं, गडचिरोलीत तिला कोण ओळखतं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. दोन क्लिक केले आणि पेनड्राइव्ह घेऊन धावतच गाडी गाठली.

सत्कारात फ्लेक्स भाऊंना इतका आवडला, की त्यांनी तिथल्या तिथं छापखान्यात सांगून आणखी वीस काढले. फाइल त्यांच्याकडे होतीच, मला विचारायचं कारण नव्हतं. दोन दिवसांनी मी दुकान उघडायला आलो तर बसस्टँडच्या खांबावर झूमा मूठ उगारून हसत होती, डोक्यावर बापूभाऊ. एक फ्लेक्स काकीच्या गावाच्या फाट्यावरही लागला होता. भाऊंच्या पोरांनी फोटो काढून, मजकूर बंगालीतही करून फेसबुकवर टाकले आणि फाट्यावरून खुलन्याला जायला त्यांना एक दिवस पुरला.

शुक्रवारी बाजार सोडून काकी दुकानात आली. ती रडत नव्हती. स्टुलावर बसली आणि सावकाश सांगू लागली. दादाचा एकच निरोप आला होता, आवाजातला. गावातली माणसं दारात येऊन विचारत होती, की तुमची पोरगी कुणाच्या सांगण्यावरून गेली, इंडियाच्या नेत्यानं तिला काय दिलं होतं. तुला तिचा एकच फोटो दिला होता शेफू, तोही तू विकलास. जमिनीच्या पट्ट्यासाठी विकलास की घरकुलासाठी, तेवढं सांग. आणि काकीनं काही सांगायच्या आत त्यानं तिचा नंबर ब्लॉक केला होता.

“रईस, बापूभाऊले फोटो कोणं देला? तुले मालूम असन त सांग.”

हा क्षण मी तेव्हापासून रोज जगतो. ती माझ्याकडे संशयानं बघत नव्हती, हेच वाईट होतं. तिच्या डोक्यात मी येऊच शकत नव्हतो, कारण मी फ्रेमचे पैसे घेतले नव्हते. खरं सांगायला चार शब्द लागले असते. पण निवडणूक तोंडावर होती, भाऊंची सगळी कामं माझ्याकडे होती, आणि खरं कारण यातलं एकही नव्हतं. तिच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटली.

“मालूम नाई काकी,” मी म्हटलं. “नेटवरून घेतला असन कोणं.”

तिनं मान हलवली. नेटवर तो फोटो नव्हता, हे तिला माहीत होतं. मग तिच्या फोनला हात लावणारं दुसरं कोण, तिचा मुलगा निमाई. निमाई मासे विकतो आणि भाऊंच्या मागे कधीमधी फिरतो, एका फोटोत त्यांच्या खांद्यामागे दिसतोही. काकी उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली. तिच्या पाठीकडे बघताना मला कळत होतं ती कुठे निघाली आहे, आणि मी हाक मारली नाही.

त्यानंतरच्या दिवसांत मी एक शहाणपणा केला. भाऊंकडे गेलो आणि म्हटलं, निदान फाट्यावरचा फ्लेक्स उतरवा, ती पोरगी मेलेली आहे, तिच्या माणसांना त्रास होतो आहे. भाऊ चिडले नाहीत. त्यांना खरोखर वाईट वाटलं, मग त्यांनी मला चहा पाजून समजावलं. पोरं रस्त्यावर उतरली हे मान्य, पण वातावरण कोण तयार करतं? बाहेरून पाठबळाचे दोन शब्द जात नाहीत तोवर कुठल्याच देशातली माणसं उठत नाहीत. आता एकाहत्तर साली आपली फौज नसती तर तो देश तरी झाला असता का? शेवटी म्हणाले, “तिचंही त नाव झालंच ना, रईस.”

एकाहत्तरला फौज गेली होती हे खरंच आहे. घरी येऊन मी हे सगळं शाजियाला सांगितलं, थोडंसं भाऊंच्याच बाजूनं, कारण भाऊ अर्धे बरोबर निघाले असते तर मीही थोडा सुटलो असतो. ती लसीकरणाचं रजिस्टर भरत होती.

“मदत केली त तिले मदत म्हना,” ती म्हणाली. “सुइणीनं बाळंतपण केलं म्हणून ते काई लेकराची माय होत नाई. आन् तुमचे बापूभाऊ त सुईणबी नाईत. बारशाले येऊन नाव सांगून राह्यले.” मग रजिस्टर मिटून तिनं विचारलं, “काकीले सांगतलं का तुमी?”

मी पाणी प्यायला उठलो. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही आणि तिचं बरोबर होतं.

काकी दुकानात आली त्या शुक्रवारनंतर अकराव्या दिवशी, मंगळवारी, कुणीतरी दुकानात सहज बोलता बोलता सांगितलं, की निमाईनं चूल वेगळी केली. माय म्हणते तू फोटो विकला, तो म्हणतो मी हात लावला नाही, आणि शेवटी बायकोपोरं घेऊन तो मागच्या पडवीत राहायला गेला. काकी एकटीच जेवते, किंवा जेवत नाही. एका माणसाचा भाऊ मी घेतला होताच, आता मुलगाही घेतला होता, आणि वर त्या बाईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. मी शटर ओढलं आणि शाजियाला घेऊन काकीच्या गावी गेलो.

काकी अंगणात वाल निवडत होती. भिंतीवर माझीच फ्रेम होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, नेट बंद असल्याचं सोडून, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. तिनं मध्येच हात थांबवला नाही, शेंगा सोलत राहिली. माझं संपलं तेव्हा तिनं मागे बघून निमाईला हाक मारली. तो आला. ती त्याला बंगालीत काहीतरी म्हणाली आणि तो तिच्या पायाशी बसून रडायला लागला, चाळीस वर्षांचा माणूस. माझ्याकडे दोघांनीही बघितलं नाही.

मग काकी मला म्हणाली, “मले कायले सांगतं? दादाले सांग.”

तिचा नंबर बंद होता, म्हणून शाजियाच्या फोनवरून निरोप बोललो, हिंदीत, तेवढी दादाला कळते म्हणून. माझं नाव, बापाचं नाव, गाव सांगितलं. सांगितलं, की फोटो तुमच्या बहिणीनं विकला नाही, तिच्या मुलानंही नाही. तिनं विश्वासानं माझ्याकडे दिला आणि मी श्रद्धांजलीतून काढून अभिनंदनात लावला. शेफालीकाकीनं मला थांबवून सांगितलं, माळेचंही बोल. मग तेही बोललो. ती घोषणा देत नव्हती, तिच्या हातात माळ होती, दुसरं टोक तुमच्या हातात होतं, आणि ती माळ मी पुसली. निरोप गेला. दोन खुणा आल्या, काही वेळानं त्या निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

नऊ दिवस आलं नाही. शाजिया रोज ड्युटीवरून आली की फोन माझ्यासमोर ठेवायची आणि आम्ही बघायचो. दहाव्या दिवशी आवाजातला लांबलचक निरोप आला, बंगालीत, म्हाताऱ्याचा. आम्हाला अर्धाही कळला नाही. फोन घेऊन काकीकडे गेलो. तिनं कानाला लावून पूर्ण ऐकला, पुन्हा पहिल्यापासून ऐकला, आणि मग फोन मांडीवर ठेवून आम्हाला आमच्या बोलीत सांगितला.

“दादा म्हणते, पोरानं आपलं पाप सांगून टाकलं, त मीबी सांगतो. फोटो इकला म्हणून म्या फोन बंद नोयता केला. त्या कागदावर लिवलं होतं, पोरगी कोणाच्या तरी सांगण्यावरून गेली. ते वाचलं आन् मले शेफूसंग बोलवेना. कारण ते खरं हाय.” काकीनं तोंडावरून पदर फिरवला. “त्या सकाळी झूमानं त्याले फोन केला होता. दादू, सगळ्या जाऊन राह्यल्या, मी जाऊ का? तो म्हणला, जा. आमच्या काळात आमी बी गेलो होतो, जा. त्यानं घरात कोणालेच नाई सांगतलं. आन् इकडून म्या तिले आदल्या दिवशीच म्हणलं होतं, नको जाऊ.”

निमाई दारात उभा होता. काकीनं निरोपाचा शेवट सांगितला तो माझ्याकडे बघून, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

“म्हणते, तुमच्या नेत्याले सांगजा, ते श्रेय माह्याजवळ हाय. त्याले पाहिजे असन त घेऊन जा म्हणा. सगळं घेऊन जा म्हणा. मले तेवढीच झोप लागन.”

त्याच संध्याकाळी दादानं नंबर उघडला. आता दोघं पुन्हा रोज बोलतात. पहिल्या दिवशी त्यानं माळेचा मूळ फोटो पाठवला, तो काकीनं मला दाखवला, पण दिला नाही. मी मागितलाही नाही.

फ्लेक्स मी उतरवले असं सांगायला मला आवडलं असतं. ते ऑक्टोबरात आचारसंहितेनं उतरवले. भाऊंना तिकीट मिळालं नाही. पण ते अजून माझ्याकडे येतात, परवाच वाढदिवसाचं काम घेऊन आले होते. आता त्यांच्या परिचयात ‘लोकशाहीचे दूत’ असं कायमचं छापतात. मी चहा मागवला, ते मजकूर सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. निरोप माझ्या तोंडापर्यंत आला होता. चार वाक्यं आहेत, मला बंगालीतूनही पाठ झाली आहेत.

तिकडे म्हातारा वाट बघतो आहे. दर दोनचार दिवसांनी बहिणीला विचारतो, त्या नेत्यानं काय म्हटलं? आणि दर शुक्रवारी काकी भाजीच्या ढिगामागून मला विचारते, “निरोप देला का बेटा?”

काल शुक्रवार होता. मी पिशवी पुढे केली आणि म्हटलं, “देतो काकी.”